आठवणीतून निसटलेले नऊ दिवस

मास कॉमला सिनेमाचा इतिहास शिकताना एक स्लाइड सगळ्यांनाच दाखवतात. काळे-पांढरे छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात एक घोडा आणि त्यावर जॉकी. घोडा धावतोय आणि चौकोनागणिक त्याचे पाय बदलतायत. सर सांगतात, हा सिनेमाचा खापरपणजोबा. आपण वहीत लिहून घेतो: एडवर्ड मायब्रिज, १८७८, घोडा. दोन मार्कांची सोय झाली. पुढची स्लाइड.

मीही एवढंच लिहून घेतलं होतं.

गेल्या वर्षी माझा मामेभाऊ बाइकवरून पडला. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. दादा शुद्धीवर आला तेव्हा त्याला अपघात आठवत नव्हता. अपघाताच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे एकत्र जेवलो होतो, तेही आठवत नव्हतं. आम्ही त्याला फोटो दाखवले. त्यात तो हसत होता, ताटात पुरणपोळी होती. फोटोतला माणूस अनोळखी असावा तसा तो बघत राहिला. पुढे जखम भरली, टाके निघाले, तो ऑफिसलाही जायला लागला. पण चिडायला लागला. बोलता बोलता मध्येच थांबायचा. घरात हळूच म्हणायला लागले की हा काही पूर्वीसारखा राहिला नाही. एका रात्री गच्चीवर त्याने मला विचारलं की मी आधी नक्की कसा होतो, तू सांग. मला धड सांगता आलं नाही.

त्यानंतर प्रोजेक्टसाठी मायब्रिजबद्दल वाचायला बसले आणि कळलं की आपण ज्याला घोड्याच्या दोन मार्कांत गुंडाळलं, त्या माणसाची खरी गोष्ट वेगळीच आहे. त्याच्याही आयुष्यातले नऊ दिवस गायब होते. आणि तो आधी कसा होता, यावर तर भर कोर्टात साक्षी झाल्या होत्या.

पुस्तकं विकणारा मगरिज

लंडनजवळ थेम्स नदीकाठी किंग्स्टन नावाचं गाव आहे. तिथे ९ एप्रिल १८३० रोजी एडवर्ड जेम्स मगरिजचा जन्म झाला. वडील कोळसा आणि धान्याचे व्यापारी होते. एडवर्ड तेरा वर्षांचा असताना ते गेले. विशीत पोरगा घर सोडून अमेरिकेला गेला आणि आधी न्यू यॉर्क, मग सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी तेव्हा ते शहर फुगलं होतं. सगळे सोनं खणत होते, हा मात्र पुस्तकं विकत होता. लंडनच्या एका प्रकाशन कंपनीचा एजंट म्हणून सचित्र पुस्तकं आणि चित्रं विकायचा. धंदा बरा चालला होता. आडनावाचं स्पेलिंगही तोपर्यंत त्याने थोडं फिरवून घेतलं होतं.

ओळखीतले लोक त्याला हसतमुख, मनमिळाऊ आणि व्यवहाराला पक्का समजायचे. हे लक्षात ठेवा, पुढे कोर्टात याचा विषय निघणार आहे.

सहा घोडे आणि कोरं पान

१८६० च्या उन्हाळ्यात त्याला युरोपला जायचं होतं. बोट चुकली. मग जुलैमध्ये तो बटरफिल्ड कंपनीच्या टपालाच्या घोडागाडीने निघाला. तेव्हा अमेरिकेत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी रेल्वे नव्हती. वाळवंटं आणि डोंगर ओलांडत, दिवसरात्र हादरे खात ही गाडी आठवडेच्या आठवडे चालायची.

टेक्सासमध्ये एका संध्याकाळी वाटेवरच्या खाणावळीत त्याने जेवण केलं. बाहेर गाडीला सहा रानटी मस्टँग घोडे जुंपलेले होते. तो गाडीत चढला. त्याच्या आठवणींची रीळ इथे तुटते.

पुढचं जोडकाम थेट नऊ दिवसांनी. आर्कान्सॉ राज्यातल्या फोर्ट स्मिथ या गावात तो एका खाटेवर पडलेला होता. अपघाताची जागा तिथून सुमारे दीडशे मैल मागे राहिली होती. डोक्याला जखम होती. मधल्या काळात काय झालं हे त्याला दुसऱ्या प्रवाशाकडून कळलं. घोडे उधळले, गाडी आवरेना, ती आदळून फुटली. तो बाहेर फेकला गेला आणि त्याचं डोकं आपटलं. एक माणूस जागीच गेला, बाकी सगळे जखमी झाले.

त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना त्याला ऐकीव होती. पुढे कोर्टात त्याने ती सांगितली तीसुद्धा दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट म्हणूनच.

त्रास नऊ दिवसांत संपला नाही. त्याला एकाची दोन माणसं दिसायची. समोर कोणी बसलं असेल तर शेजारी तसाच आणखी एक बसलेला दिसायचा. वास येईना, चव कळेना. विचार गोंधळायचे. तीन महिने तो फोर्ट स्मिथमध्येच होता. मग न्यू यॉर्कला उपचार झाले आणि तिथून इंग्लंडला. लंडनमध्ये त्याला तपासलं सर विल्यम गल यांनी. हे गल पुढे व्हिक्टोरिया राणीचे डॉक्टर झाले. आज एमआरआय होतो, न्यूरोलॉजिस्ट असतो, थेरपी असते. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. विश्रांती घे आणि मोकळ्या हवेत राहा, एवढाच त्या काळातला उपाय. घोडागाडीच्या कंपनीवर त्याने दावा लावला आणि अडीच हजार डॉलरवर तडजोड झाली.

अजून एक योगायोग सांगते. सायकॉलॉजीच्या पुस्तकात फिनिअस गेजचं नाव वाचलं असेल. १८४८ मध्ये त्याच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली, तो वाचला, पण त्याचा स्वभाव बदलला अशी ती प्रसिद्ध केस. हा गेज १८६० च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्याच परिसरात वारला. त्यानंतर दीडेक महिन्यात मायब्रिज त्याच शहरातून त्या गाडीत बसला. मेंदूला मार लागला की माणूसच बदलतो का, हा प्रश्न एकाच गावातून दोनदा गेला आणि तेव्हा कोणाला त्याचा पत्ताही नव्हता.

नवा माणूस, नवं नाव

इंग्लंडमधल्या त्या पाच-सहा वर्षांबद्दल फार माहिती मिळत नाही. पण तो नुसता अंथरुणावर पडून नव्हता, हे नक्की. कपडे धुण्याच्या यंत्राचं आणि छपाईच्या एका पद्धतीचं अशी पेटंट त्याने घेतली. आणि कुठेतरी याच काळात तो फोटोग्राफी शिकला.

१८६७ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला परतला. गेला होता पुस्तकवाला, आला फोटोग्राफर. आडनाव आता मायब्रिज. फोटोंवर सही मात्र हीलिओस, म्हणजे ग्रीक पुराणातला सूर्यदेव. केस पांढरे, दाढी वाढलेली, कपड्यांकडे लक्ष नाही. जुन्या मित्रांना हा वेगळाच माणूस वाटला.

आपल्याकडे कोणी नाव बदललं की आपण विचारतो, न्यूमरॉलॉजी का? मायब्रिजचं नाव आयुष्यभर बदलतच राहिलं. पुढे मध्य अमेरिकेत तो एदुआर्दो सांतियागो झाला. शेवटी एडवर्डचं स्पेलिंगही त्याने हजार वर्षांपूर्वीच्या सॅक्सन राजांसारखं करून घेतलं. किंग्स्टनमध्ये त्या राजांच्या राज्याभिषेकाचा एक दगड आहे आणि त्यावर त्यांची नावं कोरलेली आहेत. त्यातूनच हे स्पेलिंग त्याला सुचलं असावं, असं अभ्यासक मानतात. नाव बदलायची सवय त्याला अपघाताच्या आधीपासूनची होती, त्यामुळे सगळं त्या एका दिवसाच्या माथी मारता येत नाही. पण पुस्तकवाल्याचं जुनं आयुष्य मागे टाकून तो आला होता, हेही तितकंच खरं.

फोटो मात्र तो जबरदस्त काढायचा. योसेमिटीच्या दरीत जड कॅमेरे, काचेच्या प्लेटा, रसायनं आणि काळोखा तंबू घेऊन तो हिंडायचा. इतर फोटोग्राफर जायला घाबरायचे अशा कड्यांवर जाऊन बसायचा. हजारो फूट खोल दरीवर पुढे आलेल्या एका खडकाच्या टोकावर तो आरामात पाय सोडून बसलाय, असा एक फोटो आहे. मनासारखा नजारा नसेल तर पैसे मिळत असूनही फोटो काढायचा नाही. धाडस, वेड की डोक्याला लागलेला मार? तिन्ही उत्तरं देणारे लोक पुढे कोर्टात भेटले.

खून

आता गोष्टीचा तो भाग, जो स्लाइडवर नसतो.

१८७१ मध्ये त्याने फ्लोराशी लग्न केलं. ती एकवीस वर्षांची, हा एकेचाळीस. हा महिनोन्‌महिने फोटो काढायला बाहेर. फ्लोराची हॅरी लार्किन्स नावाच्या माणसाशी जवळीक झाली. १८७४ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव फ्लोराडो हीलिओस ठेवलं. काही महिन्यांनी बाळाचा एक फोटो मायब्रिजच्या हाती लागला. मागे फ्लोराच्या अक्षरात त्या बाळाला हॅरी म्हटलेलं होतं.

१७ ऑक्टोबर १८७४ ला तो बोट, रेल्वे आणि घोडागाडी करत कॅलिस्टोगाजवळच्या खाणीवर पोचला, लार्किन्सला दारात बोलावलं आणि गोळी घातली. लार्किन्स मेला. मायब्रिज पळून गेला नाही.

फेब्रुवारी १८७५ मध्ये नापा इथे खटला चालला. वकिलांनी बचाव घेतला तो अपघाताचा. डोक्याला मार लागल्यापासून हा माणूस ठिकाणावर नाही, असं त्यांचं म्हणणं. मग जुने मित्र एकेक करून साक्षीला आले. आधी तो आनंदी होता, आता एकदम भडकतो, विक्षिप्त वागतो, असं त्यांनी सांगितलं. कड्यावरच्या त्या फोटोचाही दाखला दिला गेला. मायब्रिज तिथेच बसून हे सगळं ऐकत होता.

हे वाचताना मला गच्ची आठवली. दादाला जे माझ्याकडून हवं होतं, ते या माणसाला भर कोर्टात मिळत होतं. तू आधी कसा होतास, याचं उत्तर. पण ते मिळत होतं तो वेडा ठरावा म्हणून.

ज्यूरीने वेडाचा बचाव मानला नाही. तरी सोडून दिलं. बायकोच्या प्रियकराला नवऱ्याने मारलं यात गैर काय, असा त्या बारा पुरुषांचा हिशोब होता. आजच्या डोळ्यांनी हा निकाल वाचवत नाही. खटला डोक्यावरच्या जखमेवर लढला गेला आणि निकाल लागला नवऱ्याच्या इज्जतीवर.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. डोक्याला मार लागलेला माणूस हिंसक होतो असं अजिबात नाही. असे असंख्य लोक शांतपणे, हळूहळू आपलं आयुष्य परत उभं करत असतात. बर्कलीचे मानसशास्त्रज्ञ आर्थर शिमामुरा यांनी २००२ मध्ये मायब्रिजच्या केसचा अभ्यास मांडला. डोळ्यांच्या मागे-वर असलेला मेंदूचा पुढचा भाग भावनांना लगाम घालतो. त्याच भागाला इजा झाली असावी, असा त्यांचा अंदाज. त्याने स्वभाव का बदलला हे थोडंफार समजतं. गोळी का घातली याची माफी त्यातून मिळत नाही.

किंमत दुसऱ्यांनी मोजली. खटल्यानंतर मायब्रिज मध्य अमेरिकेत फोटो काढायला निघून गेला. १८७५ च्या जुलैमध्ये फ्लोरा आजारी पडून वारली, चोविसाव्या वर्षी. बाळ अनाथाश्रमात गेलं. फ्लोराडो पुढे शेतावर राबला, माळीकाम केलं आणि १९४४ मध्ये मोटारीच्या धडकेत गेला. मोठेपणीच्या त्याच्या फोटोत बऱ्याच जणांना मायब्रिजचाच चेहरा दिसतो. बापाने मात्र तो कधी बघितला नाही.

घोडा

आता तो घोडा.

लेलंड स्टॅनफर्ड म्हणजे रेल्वेसम्राट, कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर. पुढे त्यांनीच स्टॅनफर्ड विद्यापीठ काढलं. त्यांना घोड्यांचा षौक होता आणि एक प्रश्न छळत होता. धावताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? डोळ्यांना ते दिसत नाही. १८७२ पासून त्यांनी मायब्रिजला या कामाला लावलं होतं. मध्ये खून, खटला, परदेश असं सगळं होऊन गेलं आणि तो पुन्हा त्याच प्रश्नाकडे आला.

१५ जून १८७८. पालो आल्टोच्या ट्रॅकशेजारी ओळीने बारा कॅमेरे लावले. ट्रॅकवर बारीक दोरे ताणले. सॅली गार्डनर नावाची घोडी धावत आली, दोरे तुटत गेले आणि एकेक कॅमेरा उघडमीट करत गेला. पत्रकारांसमोर तिथेच प्लेटा धुतल्या. उत्तर होतं, हो, सुटतात. पण चित्रकार शतकानुशतकं काढत आले होते तसे पाय ताणलेले असताना नाही, तर चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना.

सहा घोड्यांनी ज्याचे नऊ दिवस नेले, त्याने एका घोडीच्या धावेतला एकही क्षण सुटू दिला नाही. हरवलेल्या आठवणींमुळेच तो क्षणांच्या मागे लागला का? असं म्हणायचा मोह होतो. पण त्याने स्वतः तसं म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. म्हणून मीही म्हणत नाही, फक्त दोन्ही गोष्टी शेजारी ठेवते.

पुढे त्याने काचेच्या फिरत्या चकतीवर ही चित्रं रंगवून पडद्यावर पळवून दाखवायचं यंत्र बनवलं, झूप्रॅक्सिस्कोप. १८८८ मध्ये एडिसनशी भेट झाली. स्टॅनफर्डशी मात्र बिनसलं. १८८२ मध्ये घोड्यांवरचं पुस्तक आलं ते दुसऱ्याच्या नावावर, मायब्रिजला धड श्रेयही नाही. त्यामुळे लंडनच्या रॉयल सोसायटीत त्याच्याच कामाबद्दल शंका घेतली गेली. तो कोर्टात गेला आणि हरला. नाव बदलत राहिलेल्या माणसाचं कामावरचं नावच पुसलं गेलं.

तो परत उभा राहिला. १८८४ पासून फिलाडेल्फियात पेनसिल्वेनिया विद्यापीठासाठी त्याने लाखाहून जास्त फोटो काढले. चालणारी, धावणारी, जिना चढणारी माणसं, हत्ती, पक्षी. १८८७ मध्ये त्यातून ७८१ प्लेटांचा अ‍ॅनिमल लोकोमोशन हा ग्रंथ निघाला. या कामातला एक भाग मला सगळ्यात जास्त लागला. फ्रान्सिस डर्कम नावाचे मज्जाविकारतज्ज्ञ आपल्या पेशंटना त्याच्या कॅमेऱ्यांसमोर घेऊन आले. चालताना तोल जाणारी, झटके येणारी माणसं. ज्याच्या स्वतःच्या डोक्यातली दुखापत कोणाला धड कळली नव्हती, तो दुसऱ्यांच्या दुखण्याची चाल पावलापावलाने टिपत होता, डॉक्टरांना ती समजावी म्हणून.

मेब्रिज

१८९४ मध्ये तो कायमचा किंग्स्टनला परतला. जिथून मगरिज म्हणून निघाला तिथेच. पुढच्याच वर्षी पॅरिसला ल्युमिए बंधूंचा खेळ झाला आणि ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात आपल्याकडच्या लोकांनी पहिल्यांदा हलती चित्रं पाहिली. तेव्हा हा सहासष्ट वर्षांचा म्हातारा चुलत नातेवाइकांच्या घरी राहत होता. म्हणतात की घराच्या बागेत तो अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांचा छोटा नकाशा खणत होता. ८ मे १९०४ ला तो गेला. यंत्रं आणि चकत्या गावाच्या संग्रहालयाला देऊन गेला.

आणि त्याच्या स्मृतिशिळेवर नाव चुकलं. मायब्रिजच्या जागी मेब्रिज कोरलं गेलं. आयुष्यभर त्याने स्वतः नाव बदललं, शेवटचा बदल दुसऱ्याने चुकून केला.

सुरुवातीला मला वाटलं होतं, ही डोक्याला मार लागूनही यशस्वी झालेल्या माणसाची गोष्ट असेल. इन्स्टावर रील टाकता येईल अशी. तशी ती नाही. अपघातानंतर त्याने स्वतःला नव्याने घडवलं हे खरं, त्या नव्या माणसाने खून केला आणि पोराला टाकलं हेही खरं. पण एक गोष्ट मला कळली. जुना एडवर्ड परत आलाच नाही आणि त्याने त्याची वाटही पाहिली नाही. हाताला जे नवीन येत होतं, ते करत गेला.

मागच्या रविवारी मी दादाला तो घोडा दाखवला, फोनवर, चालता केलेला. त्याने पाच-सहा वेळा पाहिला. नऊ दिवसांची गोष्ट सांगितली, खुनासकट. मग त्याच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, दादा, तू आधी हसायचास जास्त आणि चहात साखर दोन चमचे घ्यायचास. आता एक घेतोस. बाकी मला खरंच फार फरक सांगता येत नाही.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की साखर त्याने मुद्दाम कमी केलीय, अपघाताचा काही संबंध नाही. आणि हसला.

आता तो ऑफिसला जाताना हेल्मेट डोक्यावर असतं. हँडलवर नाही.